उजनीच्या फुगवट्यावर रोहू-कटला का लागत नाही? खाडीत गरवणाऱ्याला सविस्तर उत्तर

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या खाडीत गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, बरीच वर्षांची सवय, कोळंबी लावून शिंगाळी मिळते, कधी नशिबाने जिताडाही. आता भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला दोनदा जाऊन आलात. दिवसभरात बोटभर चिलापी (तिलापिया) सोडून काही नाही, वर चार-पाच गळ बुडाशी अडकून तुटले. म्हणून विचारताय, की आणखी लांब रॉड आणि मोठं रीळ घेतलं तर रोहू-कटला लागेल का?

नाही लागणार. रॉडचे पैसे तूर्तास वाचवा. दहा-बारा फुटी, चाळीस ते ऐंशी ग्रॅम वजन फेकणारा कुठलाही मध्यम रॉड आणि चार-पाच हजार नंबरचं रीळ उजनीला पुरतं, आणि खाडीत गरवणाऱ्याकडे हे बहुतेक असतंच. अडचण आहे ती खाडीच्या सवयीची. खाडीत मासा पाणी आणून देतं. भरती चढली की शिंगाळी काठाला येते, उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) जास्त, भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) कमी. आपण वेळ साधून एका जागी बसायचं, बाकीचं काम भरती करते. उजनीला भरती नाही. तिथे आधी मासा फिरतो ती जागा शोधावी लागते, आणि मग त्याला चारा टाकून तिथे थांबवावं लागतं. या दोन कामांशिवाय तुम्ही कितीही लांब फेकलंत तरी रिकाम्या शेतावर गळ टाकून बसल्यासारखं होतं. उजनीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे, कारण पाण्याखाली मैलोन् मैल शेतंच आहेत.

जागा कुठली, हे पाणी किती आहे यावर अवलंबून असतं, त्यामुळे एकच ठिकाण सांगता येत नाही. निघण्याआधी धरणाची टक्केवारी बघा, रोज बातम्यांत येते. ती कशी वाचायची ते कळलं पाहिजे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. उणे म्हणजे धरण कोरडं नाही, मृत साठ्यातलं पाणी कमी होतंय. शंभर टक्क्यांची पातळी ४९६.८३ मीटर आणि शून्याची ४९१.०३. म्हणजे अख्ख्या शंभर टक्क्यांत पाणी सहा मीटरही उतरत नाही. दहा टक्के कमी झाले की पातळी साधारण अर्धा ते पाऊण मीटर खाली. ऐकायला थोडं वाटतं, पण भिगवण-पळसदेव पट्ट्यात जमीन इतकी सपाट आहे की तेवढ्यात काठ पन्नास-शंभर मीटर मागे सरकतो. दिवाळीत जिथे मासा लागला, तिथे मार्चमध्ये ज्वारीची धसकटं नसली तरी भेगाळलेली माती नक्की असते.

पाणी चढतंय की उतरतंय, हे टक्क्यापेक्षाही महत्त्वाचं. ऑगस्ट-सप्टेंबरात दौंडकडून भीमेतून येणारा विसर्ग वाढून पाणी चढत असलं, की मासा नव्याने बुडालेल्या गवतात, अगदी उथळात शिरतो. तेव्हा दीड-दोन मीटर खोलीवरही काम होतं. कालव्याला आणि नदीला पाणी सुटून पातळी रोज उतरत असली, की तो काठ सोडतो आणि खोल कडेला, जुन्या पात्राच्या किंवा ओढ्याच्या दिशेने सरकतो. तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात आणि काठापासून पंधरा मीटरवर गळ टाकलात असं तुमच्या वर्णनावरून दिसतंय. तिथे चिलापीच असणार.

ती खोल कड शोधायची कशी? घरबसल्या अर्धं काम होतं. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं दिसतात. कमी पाण्याच्या वर्षांतली एप्रिल ते जूनची चित्रं काढा. पाण्याखाली जाणारे बांध, जुने रस्ते, विहिरी, ओढ्यांचे काठ, भीमेचं मूळ पात्र, सगळं उघडं दिसतं. ज्या ठिकाणी ओढा किंवा पात्र आजच्या काठापासून तीस-चाळीस मीटरच्या आत येतं, अशा दोन-तीन जागा फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवा. गावात विचारलंत तर जुनी माणसं विहिरीसुद्धा दाखवतील.

उरलेलं अर्धं काम काठावर, गळ न लावता. तीस-चाळीस ग्रॅमचं नुसतं शिसं बांधा आणि फेका. पाण्याला लागलं की एक-दोन-तीन मोजत राहा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, सैल पडला की ते बुडाला टेकलं. आधी एखाद्या माहीत असलेल्या खोलीवर मोजून तुमच्या शिशाचा वेग ठरवून घ्या, म्हणजे आकडा मीटरमध्ये बदलता येतो. मग रॉड आडवा धरून शिसं हळूहळू, वीतभर-वीतभर ओढत आणा आणि तर्जनी तंगुसाला लावून ठेवा. गाळ असला की शिसं जड होतं आणि सुटताना एकदम हलकं लागतं. मुरूम किंवा दगड असला की बोटाला टिकटिक जाणवते. बाभळीचा बुडखा असला की आधी रबरासारखा ताण येतो, मग गच्च. आणि कड आली की शिसं ओढताना जोर लागतो, कारण ते चढावर येत असतं. गाळ संपून मुरूम सुरू होतो ती पट्टी, किंवा चढाचा पायथा, या तुमच्या जागा. रोहू, मृगल आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) अशा कडेने चरत जातात. पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे आठ-दहा वेळा फेकायला अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात मासा लागत नाही म्हणून लोक तो टाळतात आणि उरलेले आठ तास घालवतात.

जागा ठरली की तंगुसावर, रिळाच्या तोंडाशी, रंगीत दोऱ्याची छोटी गाठ मारा आणि पलीकडच्या काठावरचं झाड, मनोरा काहीतरी धरून ठेवा. आता प्रत्येक फेक त्याच दिशेला, त्याच गाठीपर्यंत. दोन-तीन मीटर इकडे-तिकडे चालेल, दहा मीटर नाही. चारा पसरला की मासाही पसरतो.

आता चारा. इथे मी थोडा हट्टी आहे. बाजारातल्या रंगीत, वासाच्या पुड्यांवर माझा भर नाही. एका माणसाच्या एका दिवसासाठी शेंगदाणा पेंड दीड किलो, भाताचा कोंडा एक किलो, मक्याचा भरडा एक किलो आणि फुटाण्याचं पीठ अर्धा किलो. सगळं पशुखाद्याच्या दुकानात आणि वाण्याकडे मिळतं. त्यात भाजून कुटलेली मेथी दोन चमचे आणि बडीशेप मूठभर. पेंड खडे राहणार नाहीत अशी बारीक करून आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजवा. त्याहून जास्त वेळ नको. उन्हाळ्यात चोवीस तास भिजलेली पेंड आंबते, तिच्यात हवा धरते आणि गोळा बुडाला राहण्याऐवजी तुकडे तरंगत निघून जातात. बाकीचं कोरडं घेऊन जा आणि काठावर कालवा.

पाणी किती घालायचं, याचं माप नाही, कारण कोंडा प्रत्येक वेळी वेगळं पाणी पितो. चाचणी मात्र पक्की आहे. मिश्रण मुठीत दाबा: बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि गोळा तळव्यावर टुणकन उडवला तर फुटता कामा नये. मग तो बादलीभर पाण्यात सोडा. एक मिनिट तसाच राहिला, मग कडा सुटायला लागल्या आणि चार-पाच मिनिटांत ढीग झाला, की जमलं. बुडताच फुटला तर पाणी कमी किंवा दाब कमी. दहा मिनिटांनीही दगड राहिला तर पाणी जास्त झालंय, कोरडा कोंडा घाला. ही चाचणी घरी एकदा करून जा. काठावर, वाऱ्यात, हात चिकट असताना ती होत नाही.

सुरुवातीला संत्र्याएवढे पाच-सहा गोळे ठरल्या जागी. हाताने तीस मीटर जात नाहीत, त्यामुळे गळ नसलेल्या मोठ्या स्प्रिंगवर (चारा दाबून भरायची तारेची गुंडाळी) भरून पाच-सहा नव्हे, दहा-बारा फेका करा. त्यानंतर गळाची स्प्रिंग. पहिला तास दर पंधरा-वीस मिनिटांनी काढून, चारा भरून परत तिथेच. खाडीत गळ टाकून तासभर बघत बसायची जी सवय आहे ती इथे नडते: वीस मिनिटांनंतर स्प्रिंग रिकामी असते. उलट टोकही आहे. सगळा चारा पहिल्या तासात ओतला तर मासा पोटभर खाऊन गळाकडे ढुंकून बघत नाही, आणि परिसरातली चिलापी जमा होते ती वेगळीच.

गळाला कोळंबी नको. रोहू-मृगलला तिचं काही नाही. तिच्यावर रात्री शिंगाडा मासा येईल, दिवसा चिलापी कुरतडेल. दोन वाट्या कणीक आणि एक वाटी भाजलेलं बेसन घट्ट मळून दहा मिनिटं वाफवा आणि गार झाल्यावर पुन्हा मळा. द्राक्षाएवढी गोळी, गळाचं टोक किंचित बाहेर. वाफवल्याने गोळी पाण्यात अर्धा तास टिकते. तरीही बारीक ओढ चालूच राहिली तर चिलापी आहे असं समजा. मग उकडलेल्या मक्याचे दोन टपोरे दाणे लावा, चाऱ्यातला बारीक कोंडा कमी करून भरडा वाढवा आणि पाच-सात मीटर पुढे सरका. ब्रेड आणि गांडूळ हे चिलापीला आमंत्रणच आहे. तिचीच हौस असेल तर गोष्ट वेगळी: दहा नंबरचा गळ, छोटा फ्लोट, एक-दीड मीटर खोली, गांडुळाचा तुकडा. भिगवणच्या हॉटेलात तळलेली चिलापी खायला लोक पुण्याहून येतात, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही.

गळ तुटण्याबद्दल. खाडीचा अर्धा मिलिमीटर जाड तंगूस काढून ०.३० ते ०.३५ चा भरा. दूर जाईल आणि वाऱ्यात कमी फुगेल. दुकानात मिळणाऱ्या स्प्रिंगला सहा-सहा गळ असतात. त्यातले चार कापून टाका. माशाच्या तोंडात एकच गळ जातो, बाकीचे बुडख्यात रुततात नाहीतर माशाच्या पोटात-कल्ल्यात. सहा नंबरचे दोन गळ, चार-पाच इंच मऊ विणलेल्या दोऱ्यावर, एवढं बास. शिसं वेगळं लावत असाल तर ते मुख्य तंगुसाला न बांधता ०.२० च्या कमजोर तुकड्याने लटकवा. अडकलं तर फक्त शिसं जाईल. आणि ओढून घेताना रॉड वर करून जोरात, न थांबता गुंडाळा म्हणजे सगळं बुडापासून उचललं जातं. मध्येच थांबलात की परत बुडख्यात.

ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, खाडीत आपण आवळून ठेवतो. इथे तसं केलं तर चार किलोचा रोहू रॉड पाण्यात ओढून नेतो. एक सोपं माप: दोन लिटर पाण्याची बाटली तंगुसाला बांधून, रॉडमधून नाही तर सरळ रिळावरून उचला. बाटली जमिनीवरून सुटते न सुटते तोच तंगूस सुटायला लागला पाहिजे. रॉडचं टोक नुसतं मान हलवत असेल तर हात लावू नका, मासा चारा चाखतोय. टोक वाकून तंगूस धावायला लागला किंवा उलट एकदम सैल पडला, की उचला. सैल पडणं बऱ्याच जणांना कळत नाही. मासा तुमच्याकडे येतोय, भरभर गुंडाळा.

हे सगळं बुडाच्या माशांसाठी झालं. कटल्याचं गणित निराळं. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला. तो वरच्या थरातले सूक्ष्मजीव गाळून खातो. बुडाशी टाकलेल्या स्प्रिंगवर तो चुकूनच येतो. पाच मीटर पाण्यात त्याच्यासाठी सरकता फ्लोट लावून गळ वरून एक-दीड मीटरवर ठेवा आणि चारा अगदी बारीक, कोरडासर, पाण्यात पडताच ढग होणारा. कोंडा आणि फुटाण्याचं पीठच, पेंड जवळजवळ नाही. गोळी मऊ. कटल्याच्या जागेसाठी वारा बघा. वारा ज्या काठावर आदळतो तिकडे वरच्या थरातलं खाद्य ढकललं जातं आणि कटला मागोमाग जातो. पाठीमागून वारा घेऊन फेकायला सोपं जातं म्हणून सगळे निवांत काठावर बसतात. मासा समोरच्या काठावर असतो. जलपर्णीही तिकडेच लोटली जाते, हा त्यातला त्रास.

वेळेबद्दलही खाडीचा हिशेब सोडावा लागेल. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी उजनीत येतं, त्याने उन्हाळ्यात पाणी शेवाळून हिरवं होतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. अशा दिवसांत पहाटे मासा वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतो, खात मात्र नाही. सूर्य दोन तास वर आला की खायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत कारण थंडीचं आहे, पण परिणाम तोच: अकरा ते चार चांगलं. ऐरोलीहून द्रुतगती मार्ग, हडपसर, पाटस करत भिगवणला पोहोचायला चार-पाच तास लागतात. त्यासाठी मध्यरात्री निघून डोळे चोळत बसण्यात उन्हाळ्यात आणि थंडीत तरी अर्थ नाही. पहाटेची घाई सप्टेंबर-ऑक्टोबरात करा, नवं पाणी आलेलं असतं तेव्हा.

काठावर एक गोष्ट जपा. उतरत्या पाण्याचा काळा काठ वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो आणि खाली गुडघाभर रेंदा असतो. काठीने टोचल्याशिवाय पाऊल टाकू नका. मुरमाड काठ, जुना रस्ता किंवा बांध बघून बसा. मासा उचलायला दोन मीटर दांड्याची जाळी न्या, म्हणजे चिखलात उतरावं लागत नाही. होडीतून गरवायचं असेल तर जॅकेट अंगात घालून, आणि दुपारचा वारा उठण्याआधी परत. पात्र तिथे काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद आहे, लाटा बघता बघता उठतात. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले.

परवानगीचं खाडीसारखं मोकळं नाही. जलाशयातली मासेमारी ठेका किंवा परवान्यावर चालते, आणि तिथल्या मच्छीमारांचं पोट त्यावर आहे. गावात जाऊन, कुणाचा हक्क आहे ते विचारून, हो म्हणाले तरच बसा. नियम बदलत असतात, म्हणून दरवेळी विचारा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे, त्याच्या पन्नास मीटर आत फेकू नका. एखाद्याच्या जाळ्यात तुमची स्प्रिंग गुंतली तर ओढू नका, तंगूस कापा. तुटलेला तंगूस काठावर सोडू नका, रोहित (फ्लेमिंगो) आणि बाकीचे पाणपक्षी त्याच उथळात चालत असतात. अंगावर खवल्यांचं चिलखत असलेला, तोंड खाली असलेला काळा सकर लागला तर तो पाण्यात परत सोडू नका. तो परका मासा आहे, जाळी फाडतो, मच्छीमारांना नकोसा झालाय.

पुढच्या फेरीत एकच रॉड लावा. दोन-तीन रॉड लावले की प्रत्येकावर निम्मा चारा पडतो आणि एकाही जागी मासा थांबत नाही. दुपारपर्यंत नुसती चिलापीच कुरतडत राहिली, तर बुडाचा नाद सोडून तोच रॉड फ्लोटवर न्या.